एकोणतिसावा चौकोन

पायथ्याला बाभूळ, हिवर, बोरी.
इथला पत्ता सोपा: काळी माती, तालुका कन्नड.
थोडं चढलं की सालई लागते,
कागदासारखी साल सोडणारी,
मग मोई, जिची उन्हाळ्यात नुसती हाडं उरतात.
दक्षिणेच्या उतारावर खडक फोडून अंजन.
उत्तरेच्या घळीत मात्र, जिथं पाणी
माघापर्यंत बोलत असतं,
करंज, जांभूळ, एक वाकलेला सादडा.
डोंगर एकच, पण त्याच्या पाठीची आणि पोटाची
सोयरीक नाही.

हे मी शोधलेलं नाही.
मी कॉलेजात प्रयोगशाळा परिचर,
माझं काम दोरी धरणं.
झाडांना दहा बाय दहाचा चौकोन,
गवताला एक बाय एकचा.
इनामदार मॅडम लॅटिनमधून नावं सांगायच्या,
झेलाबाई बरडे पान चावून सांगायची:
हे आंबट. हे ढोरं खात न्हाईत.
ह्यानं माह्या पोरीचा कान बरा झाला.
दोघींच्या मधल्या रकान्यात
मी आकडा लिहायचा.

एकोणतिसावा चौकोन माथ्यावर पडला.
तिथं माती बोटभर, खाली काळा पत्थर,
भादव्यात कुसळी मांडीला टोचते.
मॅडम खाली सावलीत
टिपकागदांच्या घड्या बदलत होत्या.
चौकोनाच्या कोपऱ्यात, काड्यांच्या आडोशाला,
सुतासारखी वेल, तिला एक फूल:
करंगळीएवढा कंदील, आत माशी अडकलेली.
(उद्या फूल मान टाकेल, माशी सुटेल.
हे मला मॅडमनीच शिकवलेलं.)

झेलाबाईनं फूल पाहिलं. मग मला पाहिलं.
"खर्पुडी. मागल्या डोंगराला होती एक.
पेपरात फोटू आला तिचा,
दुसऱ्या साली नुसता खड्डा होता."
एवढंच बोलली, आणि पदरानं तोंड पुसलं.

मी खुंटी उपटली.
वीतभर अलीकडे ठोकली.
रकाना रिकामा ठेवला असता तरी चाललं असतं,
पण मी शून्य काढलं,
सावकाश, पेन न उचलता.

नकाशा विभागाच्या भिंतीवर लागला.
घळीत गर्द ठिपके, उतारावर विरळ,
माथ्यावर पांढरा डाग:
"गवत. विशेष नोंद नाही."
मॅडमनी मला त्याची एक प्रत दिली, सही करून.
ती मी अजून भिंतीला लावलेली नाही.

पुढच्या आषाढात माथ्यावर खड्डे पडले,
ओळीत, दोन हातांच्या अंतरानं.
रिकामी जागा हिरवी करायची होती.
ट्रॅक्टरमधून गिरिपुष्पाची रोपं आली,
काळ्या पिशव्या अजून वाऱ्यावर फडफडतात.
झेलाबाईला सांगितलं तेव्हा
ती शेळीच्या पायातला काटा काढत होती.
"लिवलं असतं तर कुदळ आली असती," म्हणाली,
"न्हाई लिवलं तर ट्रॅक्टर."
काटा निघाला. शेळी गेली.

मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही.

दर भादव्यात जातो. खिशात जुनी दोरी असते,
आता कुणी धरायला सांगत नाही तरी.
काल एका खड्ड्याच्या काठावर,
उपसलेल्या मुरमातून,
सुतासारखं काहीतरी गिरिपुष्पाला वेटोळं घालत होतं.
नुसत्या पानांवरून सांगता येत नाही,
मॅडम म्हणायच्या, फुलाची वाट पाहावी लागते.

दगडावर बसलोय.
माश्या आहेत भरपूर.