हातोडीचा दांडा

पेपरवर माझं नाव सहावं होतं,
ते पहिलं व्हायला नऊ वर्षं लागली.
लतिका चावदस झोपे.
झुरिकच्या सभागृहात पुकारणाऱ्याला ते जमेना.
मी म्हटलं, नुसतं एल. झोपे म्हणा, चालेल.

विषय : ठोक्याच्या आवाजावरून धातूतला दोष ओळखणारं यंत्र.
कल्पना कुठून सुचली, असं कोणीतरी विचारायचंच,
आणि मी भुसावळचं यार्ड काढायचे.
रात्रीचे अडीच. दीपनगरला जाणारी कोळशाची गाडी उभी.
माझा बाप, काखेत बॅटरी, लांब दांड्याची हातोडी,
चाकाचाकाशी वाकत चाललेला.
ठण. ठण. ठण.
मग एखादं बद्द,
फुटक्या माठासारखं.
तिथे खडूची फुली.
लोक माना डोलवायचे.
गोष्ट चांगली होती, तिच्यावर दोनदा अनुदान मिळालं.

यंत्राला शिकवायचं तर ज्याला येतं त्याला आधी विचारावं लागतं.
रिटायर बापाला परवानगी काढून आत नेलं,
काढून टाकलेल्या चाकांच्या रांगेत.
मे महिना. सेहेचाळीस अंश.
त्याच्या डोक्याला ओला पंचा,
माझ्या अकरा माइकांना छत्र्या.
अडतीस हजार ठोके,
प्रत्येकापुढे त्याचा शेरा : बरं, किंवा आजारी.
सदोष हा शब्द मी फॉर्मवर छापला होता.
त्याने तो एकदाही उच्चारला नाही.

यंत्र शिकलं.
सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत आलं आणि बसलं,
चढावर बैल बसतो तसं.
मी थर वाढवले, थर काढले,
ठोके दुप्पट केले, यार्डातला कावळा गाळला, वारा गाळला.
मृण्मय नावाचा माझा हुशार विद्यार्थी
कंटाळून जाहिरातींच्या कंपनीत गेला.
एका परीक्षकाने एवढंच लिहिलं :
उरलेले तेरा टक्के कुठे आहेत?
मी चार पानी उत्तर दिलं. चारही पानं छान होती.

दिवाळीत घरी टीव्ही फारच मोठा लागायचा
म्हणून बापाला जळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.
बेंडाळे डॉक्टरांनी आलेख माझ्यापुढे सरकवला.
असे आलेख वाचण्यातच माझं आयुष्य चाललंय :
तीन हजारांपाशी रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली.
हे जुनं आहे, ते म्हणाले, वीस-पंचवीस वर्षांचं तरी.
तीन हजारांच्या वरच तर
माझं यंत्र सात वर्षं उत्तर शोधत होतं.

परतीच्या एसटीत, नशिराबादच्या अलीकडे,
मी ओरडूनच विचारलं, बाबा, मग तुम्हाला कळायचं कसं?
पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.
बापाने उजवा हात उघडला,
जणू तिकीट दाखवतोय.
"कान त कवाचाच गेल्ता. दांड्यातून हाताले कये."

सांगितलं का नाही मला?

"तू माइक घेऊन आली व बाई.
तुले आवाज पायजे होता."

सभागृहांमधली ती रात्र, ती बॅटरी, ते ठण ठण,
सगळं खरं होतं.
फक्त ऐकत मी होते,
क्वार्टरच्या खिडकीतून, सात वर्षांची.
तो नव्हता.

हातोडी मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेली.
बाभळीचा दांडा, एका जागी
आंबा चोखावा तसा झिजलेला.
मी पिशवीतून कंप मोजणारी चकती काढली,
नखाएवढी, आणि डिंकाची नळी,
आणि सपाट जागा बघून चिकटवू लागले.

बाप चष्मा शोधून जवळ आला.
बराच वेळ बघत राहिला.
मग माझं बोट धरून बाजूला सरकवलं.
"तठी नको," म्हणाला,
"तठी अंगठा येतो."