नोंद क्रमांक एकशे चौदा

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, जुन्या दवाखान्याच्या तळघरात
हातमोजे चढवून मी खोकी उघडते.
खाडी गोठलेली. हीटर कुरकुरतोय.

नर्सचं घड्याळ, छातीवर उलटं लटकवायचं :
मान खाली घालणारीलाच वेळ कळावी
अशी त्याची रचना.
काटे थांबलेत चार वाजून वीस मिनिटांवर.
पहाटेच्या की दुपारच्या,
विचारायला कुणी उरलेलं नाही.

एप्रन. खिशाला आतून ठिगळ,
पोटापाशी तळहाताएवढा तपकिरी डाग.
रक्त, आयोडिन, की नुसता चहा?
धुवायचा नाही, असा नियम आहे.
जिनं जन्मभर डागच धुतले
तिचा एवढा एक आम्ही जपलाय.

मग एकशे चौदा.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत मेंढीची लोकर,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली नऊ भोकं.
उपयोग : अज्ञात.
मीच लिहिलं होतं, मागच्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं.

आज डॉर्कस पेली आल्या. वय एक्क्याण्णव.
कुणाच्या तरी ट्रकमधून, बर्फाचे बूट तसेच पायात.
डबा दिसताच मनगटापर्यंत हात आत.
मी मोजे पुढे केले, त्यांनी पाहिलंही नाही.

"अगं, हा ओव्हनच्या उघड्या दारावर ठेवायचा.
सातव्या महिन्यातलं पोर.
मासे तोलायच्या काट्यावर ठेवलं, तर काटा हलेना.
वादळ चार दिवस, बोट येणार कुठून?
मी आणि त्याची आजी. डोळ्याला डोळा नाही.
सरपण सारायचं, मागे ओढायचं,
गार पडू द्यायचं नाही, भाजू द्यायचं नाही."

"मग?"

"मग काय. बाहेर ट्रकमध्ये बसलाय तो, ॲम्ब्रोज.
त्याला अजून थंडी सोसत नाही."

हसल्या. लोकर बोटांनी चाचपत राहिल्या.
मग कपाटाकडे बघत म्हणाल्या,
"दोन डबे होते.
जुळी होती ना."

मी थांबले.

"दुसरा आम्ही परत आणला नाही.
त्याच्या झाकणाची भोकं
आजीनं मेणानं बुजवली."

मी 'अज्ञात' खोडलं.
रबराची भुकटी टेबलावर तशीच.
एकशे पंधरा क्रमांक टाकला,
पुढे काही लिहिलं नाही.
पत्र्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उठलेत,
नियमाप्रमाणे पुसायला हवेत.

बाहेर हॉर्न वाजला, दोनदा.
"आले रे," त्या म्हणाल्या,
आणि जिन्याचा कठडा शोधू लागल्या.