आठ बोटं

दवाखान्यातली मारिसेल म्हणाली,
दिवसातून दहा वेळा स्वतःचे हात बघायचे,
बोटं मोजायची, आणि मोजताना
अगदी मनापासून विचारायचं : मी जागा आहे ना?
स्वप्नात बोटं चुकतात म्हणे.
अकरा होतात, तेरा होतात, मेणासारखी वाकतात.

मी डावा हात तिच्या टेबलावर ठेवला.
करंगळी नाही. अनामिका नाही.
बेचाळीस वर्षांपूर्वी कोळशाची वाघीण घेऊन गेली,
अंगठीसकट.
पोर गोरीमोरी झाली.
म्हटलं, उलट सोपं आहे मला. आठ.

खाण बंद झाली त्याला जमाना लोटला,
लोताच्या टेकडीवर खाणीच्या टेकूंसाठी
आता कुणी निलगिरी तोडत नाही.
पण रात्री पाळणा खाली जातोच.
समुद्राच्याही खाली,
जिथे आम्ही कुशीवर पडून कोळसा फोडायचो
आणि डोक्यावर बोटी जायच्या.
आधी मानेवर एक थेंब. खारट.
मग लाकूड करकरतं.
मग रेमिहिओचा दिवा पुढे पुढे जातो
आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं
की आत पाणी.

ओतिलिया उठवायची.
आता भिंत उठवते, लाथ बसली की.

तर मी मोजत राहिलो.
पाव कापताना, बसच्या रांगेत,
मिस्सामध्ये पाद्रीबाबा बोलत असताना.
शेजारचा सांदालियो म्हणाला, काय हरवलंय?
म्हटलं, दोन बोटं.

उशाशी वही ठेवली.
सोमवारी लिहिलं : काही आठवत नाही.
मंगळवारी : ओलं.
पुढच्या आठवड्यात एक कोंबडी,
जिचं आडनाव मला ठाऊक होतं.
मारिसेल म्हणाली, उत्तम प्रगती.

पहिल्यांदा कळलं ना, हे स्वप्न आहे,
तेव्हा इतका हरखलो
की जागाच झालो.
सगळ्या नवशिक्यांचं असंच होतं म्हणाली.
हात चोळायचे. भिंतीला हात लावायचा. घाई नाही करायची.

मग ऑगस्टातली ती रात्र. पत्र्यावर पाऊस.
मानेवर थेंब पडला, लाकूड करकरलं,
आणि सवयीने, निव्वळ सवयीने, मी मोजलं.
दहा.

पुन्हा मोजलं.
दहा. आणि अनामिकेत अंगठी.

मी हात चोळले. अख्खे हात
एकमेकांवर कसे घासतात ते विसरलोच होतो.
थोडा वेळ नुसता तेच करत बसलो, खरं सांगतो,
पाणी गुडघ्याशी आलं तरी.

मारिसेलने शिकवलं होतं : पळायचं नाही,
वळायचं, विचारायचं, काय हवंय तुला?
विचारलं.
पाणी कुठे बोलतं?
पण रेमिहिओचा दिवा थांबला.

एक गोष्ट मी दवाखान्यात सांगितली नव्हती.
आमच्या पाळीत पाणी कधी आलंच नाही.
रेमिहिओ खाटेवर मेला, खोकून खोकून,
सात महिने लागले त्याला,
आणि त्याचं घर माझ्या घरापासून चौथं.
मी गेलो नाही.
त्याचा तो आवाज ऐकवत नव्हता.
ओतिलिया सूप घेऊन जायची, मी रेडिओ मोठा करायचो.

तो वळला. चेहऱ्यावर कोळसा, दात पांढरे.
माझ्या तोंडात माफीचं वाक्य तयार होतं,
घोकून ठेवलेलं.
तो म्हणाला, पाव आणलास?
खिशात होता. मी दहा बोटांनी तोडला.
आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून खाल्ला.
कडेला थोडा भिजला होता.

मारिसेल विचारते, मग थांबली का स्वप्नं?
कशाला खोटं बोलू.
पाणी अजून येतं, महिन्यातून दोनतीनदा.
मी मोजतो.
कधी कधी तिथेही आठच भरतात,
तेव्हा बुडतो, पूर्वीसारखाच,
आणि भिंतीला लाथ मारतो.

पण झोपताना आता खिशाच्या सदऱ्यातच झोपतो.
सांदालियोला सांगू नका.