सात चाळीसची वेळ

रेल्वेत अडतीस वर्षं पार्सलच्या पावत्या फाडल्या,
म्हणून बेत आखायचं काम माझ्याकडे.
रात्री एकला भुसावळ सोडायचं,
फिरकेच्या केळीच्या पिकपमधून,
दोघं पुढे, दोघं मागे सुक्या पानांवर
(चीक लागतो, जुने कपडे. चांगले पिशवीत).
डिझेल, टोल, मैदानाची फी, भागिले चार.
हेमलताबाईंकडे कळण्याची भाकरी, भरीत.
पहिला फटका सात चाळीसला.
पंचेचाळीसला नाही. मागून दुसरी चौकडी येते,
सिग्नल मिळालेल्या मालगाडीसारखी.

फोनवरचा पोरगा नम्र होता.
"मैदान सर्वांना खुलं आहे, सर,
अजिंक्यपदाचे सामनेही इथंच होतात.
फक्त कॉलरचा शर्ट हवा,
आणि प्रत्येकाची आपापली बॅग."

प्रत्येकाची.
चौघांत मिळून आमची एक बॅग.
लोको शेडचे डिक्रूझसाहेब ऑस्ट्रेलियाला जाताना
नूरखाँ तडवीला देऊन गेले.
त्यातल्या सात नंबरला फावड्याचा दांडा बसवलाय
आणि हेमलताबाई सगळं तिनंच मारतात.
"भाड्यानं मिळेल?" मी विचारलं.
मिळते. तीन बॅगा. पुन्हा भागिले चार,
कारण नूरखाँनं एकट्यानं कमी द्यायला नकार दिला.

खेळतो आम्ही बाग काढलेल्या वावरात.
डालड्याचे नऊ डबे पुरलेत,
डब्याभोवती दर गुरुवारी शेणानं सारवतो,
त्यालाच ग्रीन म्हणतो.
"पण भो," नूरखाँ म्हणाला, "गवतावर चेंडू किती पळतो?"

कोणालाच माहीत नव्हतं.

निघायच्या आधी, साडेदहाला,
हायवेवरच्या लग्नाच्या लॉनवर गेलो.
वऱ्हाड पांगलेलं, खुर्च्यांच्या चळती,
आचारी कढई घासत होता.
फिरकेनं हलकेच ढकलला.
चेंडू सरळ गेला, अचानक वळला, थांबला.
चौघं गुडघ्यांवर.
गवतात अक्षता.

"काय करी ऱ्हायनात भो?" वॉचमननं बॅटरी मारली.
"सराव," हेमलताबाई म्हणाल्या,
आणि त्यानं पुढचा अर्धा तास
उजेड चेंडूवर धरला.

घरी येऊन यादीच्या तळाशी लिहिलं:
चेंडू बारा. टोप्या चार. पाण्याचे कॅन दोन.
गवतावर हळू मारणे.
तिथं तांदूळ नसतील, असं धरून.