जर्मनचं पातेलं

मुखपृष्ठावर बँडचं नाव आहे म्हणे.
वाळलेली बोराटी कुणी काळ्या कागदावर
पालथी घातली, एवढंच दिसतं.
डेन्झिल म्हणायचा, वाचायचं नसते बे, ओळखायचं असते.
मोहननगरचा डेन्झिल, वडील मालगाडीचे गार्ड.
नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर त्यानं
एका बाजूला हा अल्बम उतरवून दिला,
दुसऱ्या बाजूला, जागा वाया जाऊ नये म्हणून,
पुन्हा हाच.

अठ्ठावीस मिनिटं. नऊ गाणी.
मग बाजू संपेस्तोवर सतरा मिनिटं नुसती खरखर.
तीही मला पाठ आहे.

शब्द एक कळत नाही.
नंतर छापील मिळाले, वाचले,
आईसमोर उच्चारण्यासारखे नव्हते,
खरं तर माझ्यासमोरही नव्हते.
सावजीत दाताखाली आलेली मसाला वेलची
ताटाच्या कडेला ठेवतो, तसे ठेवून दिले.
आवाज ठेवला नाही. आवाज गिळला.
तो गळ्यातला नाहीच, बेंबीखालचा.
पोळ्याच्या पाडव्याला मारबतीमागे
दिवसभर ओरडून, ईडापीडा हाकलून
संध्याकाळी माणसाजवळ जो घसा उरतो,
त्या घशातून येणारा.

आणि स्नेअर.
तारा काढून टाकलेल्या, कातडं ताणून ताणून
पार डब्यासारखं केलेलं. ठण् ठण् ठण् ठण्.
या स्नेअरला लोक हसतात.
मी इतवारीत, भांडेओळीत वाढलो,
मला कसं हसू येणार?

बाबांचे कान चाळिशीतच गेले,
तांब्याचे गुंड ठोकून ठोकून.
आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत,
त्यामुळे माझी कॅसेट कुणाला मोठी वाटलीच नाही.

त्या मे महिन्यात सत्तेचाळीसच्या वर पारा,
कूलरची मोटर जळालेली.
बाबा दुपारी दुकानातून आत आले,
फरशीवर बसले, फरशी तेवढी गार होती,
आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"हे जर्मनचं पातेलं हाय. तांबं असं बोलत नाही."
मग म्हणाले,
"दोन्ही हातानं मारून राह्यला. घाई हाय,
पण चुकून नाही राह्यला."

चौथ्या गाण्यात, एक मिनिट अठ्ठेचाळीसला,
सगळं एकदम मंदावतं.
भरलेली मालगाडी इतवारी स्टेशनात शिरताना
डब्यामागून डबा धक्का खातो,
तसा एकेक ठोका येतो, आणि दोन ठोक्यांमध्ये
भीती वाटावी इतकी मोकळी जागा.
डेन्झिल इथं मान हलवायचा.
बाबांनी मान हलवली नाही.
त्यांचा उजवा खांदा वर गेला, थोडासाच,
खाली आला, पुन्हा वर गेला.
"इथं बरोबर केलं," म्हणाले.
"घण उचलाले वेळ दिला."

मी पंचवीस वर्षं हा अल्बम
लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला,
याच्या पलीकडे गेलो नाही.

मध्यंतरी नवी आवृत्ती निघाली, धुऊनपुसून काढलेली.
स्नेअर गुबगुबीत केलाय, उशीवर मारल्यासारखा.
पैसे गेले. ती सीडी मी दुकानात
स्टीलच्या डब्यांखाली सरकू नयेत म्हणून घातली.
हो, आता स्टीलच विकतो. बोटाच्या पेरानं वाजवून देतो.
गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, काय ऐकता एवढं?

तर त्या दुपारी नऊही गाणी संपली.
खरखर सुरू झाली. मी बटणाकडे हात नेला.
बाबांनी तळहात उचलला नव्हता.
"राहू दे," म्हणाले, "चालू हाय अजून."
मला माहीत होतं, ती नुसती रिकामी टेप आहे
आणि फरशीतून त्यांच्या हातापर्यंत येतोय तो
समोरच्या पुंडलिककाकांचा घण.
मी बटण दाबलं नाही.
सतरा मिनिटं आम्ही दोघं ऐकत बसलो.