पुढील भेट

पलासियाच्या त्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
उणे ऐंशीचा फ्रीझर अजून घुमतो आहे.
प्रकल्प मार्चमध्ये संपला. म्हणजे, संपवला.
पत्र अडीच ओळींचं होतं,
प्राधान्यक्रम बदलल्याचं.

नानोटी सर म्हणाले, निधीचा आलेख पूर्वी असा जायचा,
आणि हवेत बोटाने रालामंडलची टेकडी काढली,
चढती बाजू.
उतरती काढली नाही.

वीजबिल आम्ही तिघं भरतो.
साडेनऊशे नळ्या आहेत आत, नाव एकीवरही नाही,
नुसते क्रमांक, माझ्या अक्षरात.

चारशे सतरा काल आली.
सियागंजहून चालत. कार्ड ब्लाउजच्या आत,
नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून चौघडी केलेलं.
"दीदी, दोन महिने झाले. सुई?"
मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
"पण लागू पडत होती का?
एवढं तरी कळलं असेल."

नाही कळलं, बाई.
कळायला अजून चौदा महिने लागले असते
आणि ते कुणी मंजूर केले नाहीत.

ती बसली थोडा वेळ. पाणी प्यायली.
मग कार्ड उलगडून पुढे सरकवलं:
"पुढील भेटीत काही तरी लिहा,
रिकामं बरं नाही दिसत."

मी वीस तारीख घातली.
ती बिलाची मुदत आहे.
त्या दिवशी आम्ही असतो इथे.