डोळे बांधून

मिरजेत स्टेशनासमोरच्या बोळात
दस्तगीर शिकलगारांच्या गाड्याला
एकोणीस वर्षं मी कोळसा घालतोय.
जतकडचा, वेड्या बाभळीचा.
बोटानं वाजवला तर काचेगत किणकिणतो.
किणकिणत नाही त्यात पाणी मारलेलं असतं,
हे मीच त्यांना पहिल्या दिवशी सांगून बसलो
आणि मग एकोणीस वर्षं
पाणी मारायची सोय उरली नाही.

मुबीन पुण्याहून आला, हॉटेलातलं शिकून.
येताना टेम्पोत एक स्टीलची पेटी,
चार बटणं, खाली निळी ज्योत,
झाकणावर घड्याळासारखा काटा.
"अब्बा, बटण फिरवलं की पेटतं.
पाऊण तास निखाऱ्याची वाट बघायला नको.
पंखा मारून मारून तुमचा खांदा बघा."
मग आम्ही सगळ्यांनी खांदा बघितला.
उजवा, डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
इतकी वर्षं मी समोर उभा होतो,
पोत्याच्या वजनाकडं बघत.

"आणि यावर स्टेक होतं," मुबीन म्हणाला.
"ते काय असतं?"
"रानेचा जाड काप. बाहेरनं करपट, आत गुलाबी."
"आत गुलाबी म्हंजे कच्चं," दस्तगीरभाई म्हणाले.
"त्याला पुण्यात पैसे देत्यात?"
"चारशे."
यानंतर ते बराच वेळ सळ्या पुसत राहिले,
पुसलेल्याच.

शेवटी ठरलं, एक काप निखाऱ्यावर, एक पेटीवर.
चाखणार कोण? तातोबा ऐवळे.
कोळसा आमचा, जीभ तुमची, खोटं बोलणार नाही तुम्ही,
असं दस्तगीरभाई म्हणाले
आणि माझ्याच खांद्यावरचा टॉवेल
माझ्याच डोळ्यांवर बांधला.

अंधारात आधी आवाज आले.
चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र,
मग जरा थांबून पुन्हा चर्र, जीव असल्यासारखं.
पेटीचा मात्र एकसुरी सूंऽऽ.
मला वाटलं, यात काय ओळखायचं.

पहिला घास.
मीठ, लसूण, इथलीच हळद,
आणि कडेला तो करपल्याचा कडसरपणा
जो गोडाच्या अलीकडं थांबतो.
दुसरा घास. मऊ. बरा.
"पहिला," मी म्हणालो. "पहिला कोळशावरचा.
पैज लावा."

कुणी बोललं नाही.
फलाटावर गाडी लागत होती, तिचे ब्रेक तेवढे ऐकू आले.
टॉवेल सोडला तर मुबीन हसत नव्हता.
हसला असता तर बरं झालं असतं.

आता सांगतो ते तिथं सुचलं नाही,
सायकल ढकलत घरी जाताना सुचलं.
धूर टॉवेलात होता. माझ्या मिशीत होता.
नाकात एकोणीस वर्षांचा थर.
माझ्या तोंडात काहीही घातलं
तरी ते कोळशावरचंच लागणार.
आणि घरी? घरी गॅस आहे, दोन शेगड्यांचा.
कौसाबाई मला हात कोपरापर्यंत धुवायला लावते
आणि मगच चहाचा कप देते.
कोळशावरचा चहा मी शेवटचा कधी प्यालो,
आठवत नाही.

पण ते नंतर. त्या वेळी मी फक्त उठलो,
पोत्याचे पैसे मोजून घेतले
आणि जाता जाता सवयीनं
पेटीजवळच्या टाकीवर बोट वाजवलं.
वाजली की.
खणखणीत.
"मुबीन," मी म्हणालो,
"कोळसा वाजला तर चांगला.
ही वाजली म्हंजे संपत आली रे."

त्यानं काटा बघितला. निळी ज्योत पिवळी पडत होती.
बाकावर चार गिऱ्हाइकं, गाडीला बारा मिनिटं.
दस्तगीरभाईंनी कुणाकडंच न बघता
पंखा उचलला,
डाव्या हातात.